सिलाओची मतपेटी : सीमेपलीकडच्या पाठिंब्याचा एक प्रकरण अभ्यास

मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो राज्यात सिलाओ नावाचं शहर आहे. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना शेव्हरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा हे पिकअप ट्रक बनवतो. कामगार सहा हजारांच्या वर. १७ आणि १८ ऑगस्ट २०२१ या दोन दिवसांत या कामगारांनी गुप्त मतदान करून आपलाच चालू वेतन करार फेटाळला. कराराच्या बाजूने २,६२३ मतं पडली, विरोधात ३,२१४. करार गेला, आणि त्याबरोबर तो करार करणाऱ्या जुन्या युनियनचा कामगारांच्या नावाने बोलण्याचा हक्कही गेला. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच कामगारांनी सिंटिया ही स्वतंत्र युनियन ४,१९२ मतांनी निवडून आणली. चार युनियन रिंगणात होत्या. दुसऱ्या क्रमांकावरच्या युनियनला हजार मतंही मिळाली नाहीत.

नाशिकमधल्या कामगारांच्या अभ्यासवर्गात हे प्रकरण मी मुद्दाम घेतो. सातपूर, अंबड, गोंदे या पट्ट्यातल्या बऱ्याच मोठ्या कारखान्यांची मालकी परदेशात आहे. ज्यांची नाही, त्यांचा माल परदेशी कंपन्यांच्या गाड्यांत आणि मशीनांत बसतो. त्यामुळे युनियन बांधायची बोलणी सुरू झाली की तरुण मुलं विचारतात, "दादा, तिकडच्या युनियनला मेल टाकला तर काही होईल का?" आणि जुनी मंडळी लगेच सांगतात, "बाहेरचं कोणी येत नसतं बाबा, आपलं आपल्यालाच करावं लागतं." पहिल्यांना वाटतं, परदेशातून एक पत्र आलं की व्यवस्थापन नमेल. दुसऱ्यांना वाटतं, परदेशी पाठिंबा म्हणजे नुसता फोटो आणि ठराव. सिलाओत यातलं काहीच घडलं नाही. तिथे बाहेरच्या पाठिंब्याने खरंच काम केलं, पण आतली माणसं उभी होती म्हणून. आणि त्या माणसांनी तो पाठिंबा मागण्याआधी स्वतः दिला होता. ते कसं, हे क्रमाने पाहू.

सही झालेला, पण कुणी न पाहिलेला करार

सिलाओतली जुनी युनियन सीटीएमची. सीटीएम ही मेक्सिकोची जुनी कामगार महासंघटना. स्थापना १९३६ ची. १९२९ ते २००० अशी सलग ७१ वर्षं ज्या पक्षाने मेक्सिकोवर राज्य केलं, त्याच्याशी ती बांधलेली. तिच्या आणि तिच्यासारख्या इतर महासंघांच्या छत्राखाली मेक्सिकोत एक पद्धत रुळली: कारखाना सुरू होण्याच्या आधी किंवा सुरू होताहोताच मालक एका युनियनशी करार करून टाकतो. कामगार भरती होतो तेव्हा त्याची युनियन ठरलेली असते, त्याचा पगार ठरलेला असतो, आणि दुसरी युनियन आणायची वाट बंद झालेली असते. कित्येकांनी आयुष्यभर नोकरी करून स्वतःचा करार डोळ्यांनी पाहिलेला नसतो. अशा कराराने रक्षण होतं ते मालकाचं.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कापड गिरण्यांत एकाच प्रातिनिधिक युनियनला बोलण्याचा हक्क दिला होता, आणि तो हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा मागणी पगाराची आणि बोनसची तर होतीच. पण तिच्या मुळाशी ही मागणी होती की आम्ही न निवडलेली युनियन आमच्या नावाने सही करणार नाही. सिलाओच्या कामगाराचं गाऱ्हाणं गिरणगावातल्या कामगाराला चटकन कळलं असतं.

आमच्या वर्गातल्या मुलांनाही ते चटकन कळलं. ती अंबडच्या एका वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला आहेत. तिथे युनियन नाही, 'कमिटी' आहे. एकाने करार म्हणून दोन झेरॉक्स पानं आणली. पानांच्या तळाशी 'पृष्ठ ६' आणि 'पृष्ठ ११' असं छापलेलं, मधली पानं कुणाकडेच नाहीत. अकराव्या पानावर कामगार प्रतिनिधी म्हणून पाच सह्या. त्यातले तीन जण करारानंतर सुपरवायझर झाले. उत्पादनाचा वाढीव आकडा कितव्या पानावर मान्य केला हे कुणालाच सांगता येईना, पण तो आकडा रोज लाइनवर लागतो. आमच्याकडे याला पॉकेट युनियन म्हणतात. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्यातली दुसरी अनुसूची अशा युनियनला पैसा किंवा पाठबळ देणं ही मालकाची अनुचित प्रथा मानते. पण ते सिद्ध करायला औद्योगिक न्यायालयात उभं राहणारा माणूस लागतो, आणि तो नोकरीवर टिकलेला असावा लागतो.

आधी हात कुणी पुढे केला

या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग आता येतो. परदेशी पाठिंब्याच्या चर्चेत तोच बहुतेक वेळा गळतो.

१६ सप्टेंबर २०१९ ला अमेरिकेतल्या जनरल मोटर्सचे सुमारे ४८,००० कामगार यूएडब्ल्यू या युनियनच्या झेंड्याखाली संपावर गेले. संप २५ ऑक्टोबरपर्यंत चालला. अमेरिकेत उत्पादन बंद असताना कंपनीचा डोळा साहजिकच मेक्सिकोकडे होता. सिल्व्हराडो आणि सिएरा हे कंपनीला सर्वांत जास्त पैसा देणारे ट्रक, आणि सिलाओत तेच बनतात. तिथे कामाचा वेग वाढवायचा, जादा तास लावायचे असा रेटा सुरू झाला.

सिलाओतल्या कामगारांच्या एका छोट्या गटाने ठरवलं की संप मोडायला आपला घाम द्यायचा नाही. त्यांनी जादा तास नाकारायला सांगितलं आणि अमेरिकेतल्या संपकऱ्यांना जाहीर पाठिंबा दिला. त्यांचा पगार अमेरिकेतल्या कामगाराच्या पगाराचा एक छोटा तुकडा होता. अमेरिकेतल्या कित्येक कामगारांच्या मनात मेक्सिकन कामगार म्हणजे आपली नोकरी पळवणारा. जुन्या युनियनचा तर या गटाला विरोधच. तरीही त्यांनी हे केलं. किंमतही लगेच चुकवली: काही जणांना कामावरून काढलं, त्यात इस्राएल सेर्वांतेस हा कामगारही होता. पुढे सुटे भाग संपल्यामुळे ऑक्टोबरमध्ये सिलाओची लाइनही थांबली.

अमेरिकेतला संप मिटला. सिलाओतल्या बडतर्फ माणसांना त्या तडजोडीतून काही मिळालं नाही. पण तो गट फुटला नाही. 'हेनेरांदो मोविमिएंतो' या नावाने तो कामगारांत पत्रकं वाटत राहिला, आणि अमेरिका-कॅनडातल्या वाहन कामगारांच्या मनात त्यांचं नाव पक्कं बसलं. पुढे दोन वर्षांनी जे पाठबळ आलं ते ओळखीतून आलं, आणि ती ओळख या नकारातून झाली होती. कुणा संस्थेच्या कचेरीत ती ठरलेली नव्हती. 'तुमच्यासाठी आम्ही काय करू' हा प्रश्न सिलाओच्या कामगारांनी आधी विचारला होता, नुसता विचारला नव्हता तर त्याचं उत्तर देऊन नोकऱ्या घालवल्या होत्या.

पकड कुठून आली

नुसत्या सद्भावनेने जनरल मोटर्ससारखी कंपनी हलत नाही. हलवायला हाताला काही पकड लागते. सिलाओत ती दोन ठिकाणांहून आली.

पहिली देशातूनच. २०१८ मध्ये मेक्सिकोने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ९८ क्रमांकाचा करार, म्हणजे संघटित होऊन सामूहिक वाटाघाटी करण्याच्या हक्काचा करार, मान्य केला. मे २०१९ मध्ये कामगार कायदा बदलला. देशातला प्रत्येक जुना वेतन करार मे २०२३ च्या आत कामगारांच्या गुप्त मतदानाला टाकायचा; कामगारांनी नाकारला किंवा मतदानच झालं नाही तर करार संपला, असा नियम झाला. (भारताने संघटन स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा आणि हा ९८ क्रमांकाचा, असे दोन्ही करार आजही मान्य केलेले नाहीत. १९१९ पासून त्या संघटनेचे संस्थापक सदस्य असलेल्या देशासाठी ही लाज वाटावी अशी गोष्ट आहे.)

दुसरी पकड व्यापाराची. १ जुलै २०२० ला अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांचा नवा व्यापार करार लागू झाला. अमेरिकेतल्या कामगार संघटनांच्या दबावामुळे त्यात एक कलमांचा संच आला: एखाद्या ठरावीक कारखान्यात संघटित होण्याचा हक्क डावलला गेला तर त्या एका कारखान्याच्या मालाची करसवलत थांबवता येते. देशावर बहिष्कार नाही, उद्योगावर नाही, फक्त त्या एका गेटमधून बाहेर पडणाऱ्या मालावर. अमेरिका १९६४ पासून परदेशी पिकअप ट्रकवर २५ टक्के आयात कर लावते. त्या वेळी सिलाओचे ट्रक व्यापार करारामुळे त्यातून सुटत होते. ती सूट गेली तर काय होईल याचा हिशेब करायला कंपनीला कुणाच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही.

एप्रिल ते ऑगस्ट २०२१

एप्रिल २०२१ मध्ये सिलाओत मतदान लागलं. नव्या कायद्यातली मोठी फट अशी की मतदान घेण्याची जबाबदारी जुन्या युनियनकडेच होती. ज्याच्या करारावर कौल, त्याच्याच ताब्यात पेटी. मतदान सुरू असतानाच सरकारी निरीक्षकांना युनियनच्या जागेत नष्ट केलेल्या मतपत्रिका सापडल्या. कामगार खात्याने मतदान थांबवलं, आणि नव्याने मतदान घ्यायचा आदेश मे महिन्यात दिला. १२ मे २०२१ ला अमेरिकेच्या सरकारने व्यापार करारातली ती तरतूद वापरली. ती पहिल्यांदाच वापरली जात होती, आणि ती या कारखान्यासाठी. अमेरिकेतल्या कामगार संघटना आणि तिथल्या संसदेतले त्यांचे मित्र याच्या मागे उभे होते. ८ जुलैला दोन्ही सरकारांत समझोता झाला: २० ऑगस्टच्या आत मतदान, कारखान्यात सरकारी निरीक्षक, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे व मेक्सिकोच्या राष्ट्रीय निवडणूक संस्थेचे निरीक्षक.

वर्गात मी इथे थांबतो आणि विचारतो: बाहेरच्या पाठिंब्याने नेमकं काय केलं? बहुतेक जण म्हणतात, मतदान जिंकून दिलं. तसं नाही. ३,२१४ मतं कुणीही विमानातून आणली नाहीत. बाहेरच्यांनी पेटी सुरक्षित केली. एप्रिलमध्येही कामगारांचं मन तेच होतं, तेव्हा ते फाडून टाकता आलं. ऑगस्टमध्ये फाडता आलं नाही, कारण पाहणारे डोळे होते आणि फाडण्याची किंमत २५ टक्के होती. कामगारांची भीती बाहेरच्या माणसाला घालवता येत नाही. तिच्यामागचं कारण थोडं कमी करता येतं.

आणि ती भीती खरी होती. करार रद्द झाल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये नवी युनियन निवडायची वेळ आली, तेव्हा सिंटियाच्या प्रमुख अलेहांद्रा मोरालेस यांच्या घरी मतदानाच्या तोंडावर अनोळखी माणसं जाऊन धमकावून आली. मोरालेस याच कारखान्यातल्या कामगार. जे काम अमेरिकेतला खासदार किंवा कॅनडातली युनियन करू शकत नाही ते हे: दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर जाऊन उभं राहणं. त्या उभ्या राहिल्या. निकाल वर सांगितलाच आहे.

मे २०२२ मध्ये पहिला करार झाला, ८.५ टक्के पगारवाढीचा. तो मतदानाला टाकून कामगारांकडून मान्य करून घेतला गेला. आकडा डोळे दिपवणारा नाही, त्या वेळी मेक्सिकोतली महागाईही जवळपास तेवढीच चढलेली होती. पण तो करार कामगारांनी स्वतः मत देऊन स्वीकारला होता. अंबडच्या त्या दोन झेरॉक्स पानांशेजारी हे ठेवून पाहावं.

त्याच महिन्यात तळेगावात

सिलाओत मतपत्रिका फाडल्या गेल्या तो महिना एप्रिल २०२१. त्याच महिन्यात, त्याच कंपनीने, पुण्याजवळच्या तळेगावात १,४०० हून अधिक कामगारांना ले-ऑफ दिला. डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन बंद झालं होतं आणि कारखाना विकायचा होता. तिथल्या कामगारांची युनियन होती, नोंदणी होती, करार होता. त्यांनी न्यायालयात आणि रस्त्यावर मोठी झुंज दिली. पुढे त्यांच्यावर कपातीची नोटीस आली, आणि जानेवारी २०२४ मध्ये कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात गेला.

हे दोन प्रसंग मी शेजारी ठेवतो तेव्हा वर्गात शांतता पसरते, कारण नाशिकच्या कित्येक घरांतले पाहुणे तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत आहेत. तळेगावचे कामगार कमी जिद्दीचे होते का? अजिबात नाही. फरक जागेचा होता. सिलाओ कंपनीच्या नफ्याच्या मध्यभागी होतं, तळेगाव कंपनी सोडून चालली होती. निघून जाणाऱ्या मालकाला करसवलतीची भीती दाखवता येत नाही. शिवाय भारताच्या मालाला तसं कलम लागूच नव्हतं. मदतीची हाक देण्याआधी आपण कंपनीच्या नकाशावर कुठे उभे आहोत हे समजून घेणं म्हणूनच गरजेचं आहे: आपण बनवतो ती वस्तू दुसरीकडे बनते का, किती दिवसांचा साठा असतो, ती कुठल्या देशातल्या कुठल्या लाइनवर बसते.

व्यापार कराराच्या मर्यादा

सिलाओच्या यशाने हुरळून जाऊन चालणार नाही. मेक्सिकोच्या सीमेजवळ पिएद्रास नेग्रास या गावात व्हीयू मॅन्युफॅक्चरिंग या वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यात कामगारांनी २०२२ मध्ये स्वतंत्र युनियन निवडली. तिथेही तीच तरतूद, तीही दोनदा, वापरली गेली. करार झालाच नाही, आणि २०२३ मध्ये कारखाना बंद पडला. छोटा पुरवठादार सहज गाशा गुंडाळतो. सहा हजार कामगारांचा ट्रकचा कारखाना तसा उचलून नेता येत नाही.

शिवाय ती तरतूद वापरायचा, म्हणजे ती कळ दाबायचा अधिकार कामगारांकडे नाही, अमेरिकेच्या सरकारकडे आहे. ते सरकार आपल्या मतदारांच्या नोकऱ्या डोळ्यांसमोर ठेवून वागणार. 'आम्ही मेक्सिकोचा पगार वाढवतो म्हणजे आमचं काम तिकडे जाणार नाही' हा हिशेब त्यात आहे, आणि तो उघड बोलला जातो. आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, मग हा पाठिंबा कसला, हा तर स्वार्थ. मला हा आक्षेप मान्य नाही. दोन ठिकाणच्या कामगारांचे पगार एकमेकांना खाली ओढतात, म्हणून दोघांनी मिळून ते वर न्यायचे, यात लपवण्यासारखं काही नाही. एकजूट परोपकारावर उभी राहिली तर दात्याचा उत्साह संपला की संपते. हितसंबंध समान असले तर ती टिकायची शक्यता जास्त. फक्त सरकारचं हित आणि तिथल्या कामगारांचं हित एकच आहे असं धरून चालू नये, आणि सगळा भार त्या कळीवर टाकू नये.

अंबडमधून पाहिलं तर

नाशिकच्या कामगाराच्या हातात यातलं काय आहे? व्यापार करारातलं कलम नाही. पण रिकामा हातही नाही.

इथल्या काही मोठ्या कंपन्यांच्या मूळ घरी जागतिक पातळीवरचे करार झालेले आहेत. बॉशने २००४ मध्ये आणि सीमेन्सने २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार महासंघांबरोबर अशा लिखित तत्त्वांवर सह्या केल्या, ज्यांत संघटित होण्याचा हक्क मान्य केलेला आहे. या दोघांचे कारखाने नाशिकमध्ये आहेत. अशा कागदाचा उपयोग त्या कंपनीच्या कामगारांपुरता थांबत नाही, तिच्या पुरवठादारांपुढेही तो ठेवता येतो. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. मोठ्या जर्मन कंपनीने आपल्या पुरवठादाराकडे संघटन स्वातंत्र्य पायदळी तुडवलं जातं का हे पाहायचं, अशी जबाबदारी त्याने घातली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची संघटन स्वातंत्र्य समिती तर ८७ आणि ९८ हे करार मान्य न केलेल्या देशांविरुद्धच्या तक्रारीही ऐकते. तिच्या निर्णयाने कुणी कामावर परत येत नाही, पण नोंद राहते आणि ती पुढे वापरता येते.

या सगळ्या दारांवर जायचं तर हातात युनियन हवी, आणि आपल्याकडे खरी अडचण तिथूनच सुरू होते. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यातले हजाराहून अधिक कामगार ९ सप्टेंबर २०२४ पासून ३७ दिवस संपावर होते. लढा होता स्वतःच्या युनियनचा. तिची नोंदणी व्हायला जानेवारी २०२५ उजाडलं. कायद्याने नोंदणीला सात माणसं लागतात, शिवाय कारखान्यातले १० टक्के किंवा १०० कामगार, यातला जो आकडा कमी तो. सात माणसांची नावं कागदावर गेली की ती सात माणसं एचआरच्या टेबलावर जातात. कुणाची बदली, कुणाला चार्जशीट.

महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने मान्यतेसाठी ३० टक्के सभासद सहा महिने टिकवून दाखवायला लावले. ते मोजले जातात मुख्यतः वर्गणीच्या नोंदींवर, गुप्त मतदानाने नव्हे. म्हणजे सिलाओत जे काम मतपेटीने केलं ते इथे पावती पुस्तकाने करायचं. ते पुस्तक कुणाच्या घरी ठेवायचं, वर्गणी पगाराच्या कितव्या दिवशी गोळा करायची, पावतीवर सही घेताना मागे सीसीटीव्ही आहे का, हे प्रश्न मला आंतरराष्ट्रीय ठरावाइतकेच महत्त्वाचे वाटतात. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळवायला ५१ टक्क्यांची अट आहे, संपाला १४ दिवसांची नोटीस आहे, आणि निम्म्या कामगारांनी एकदम रजा टाकली तरी तो संप धरला जातो. पावती पुस्तकाचं काम त्यामुळे वाढलंच आहे.

पत्र

अंबडच्या मुलांनी शेवटी पत्र लिहायला घेतलं, आपला माल घेणाऱ्या परदेशी कंपनीतल्या कामगार प्रतिनिधींसाठी. पहिला मसुदा तीन पानांचा झाला. त्यात अन्याय, दडपशाही, पिळवणूक हे शब्द जागोजागी होते, पण आपण कोणता भाग बनवतो हेच नव्हतं. बसून ते एका पानावर आणलं. वर भागाचं नाव आणि खोक्यावर छापला जाणारा पार्ट नंबर, कारण तिकडच्या लाइनवरचा माणूस आपल्याला ओळखेल तर त्या नंबरवरूनच. मग तारखांसह तीन घटना: कोणाला कोणत्या दिवशी कोणतं पत्र मिळालं. मग त्या सहाव्या आणि अकराव्या पानाची हकिकत. शेवटी मागणी, आणि ती एकच: तुमच्या व्यवस्थापनाने इथल्या व्यवस्थापनाला लेखी विचारावं की कामगारांनी निवडलेली युनियन तुम्ही मान्य करणार का. नावं फक्त ज्यांनी स्वतः होकार दिला त्यांची. बाकीच्यांची नावं पत्रात घालायची नाहीत हे मी हट्टाने सांगितलं. बाहेर पाठवलेला कागद फिरून कुठे येईल याचा नेम नसतो.

वाचून झाल्यावर असेंब्लीवर काम करणारी एक ताई म्हणाली, "दादा, सिलाओवाल्यांनी ओव्हरटाइम नाकारला होता. यात आपण त्यांच्यासाठी काय करणार ते कुठाय?"

त्यावर बराच वेळ वाद झाला. पर्मनंट मुलांचे घराचे आणि गाडीचे हप्ते ओव्हरटाइमवर चालतात. दोन-तीन जण म्हणाले, तिकडे संप झाला तर आपल्याला कळणार तरी कसं. त्यावर ती म्हणाली, अचानक दुप्पट माल मागितला की समजायचं. शेवटी पत्रात एक वाक्य वाढवलं: तुमच्याकडे संप सुरू असेल आणि तुम्ही आम्हाला कळवलं, तर त्या काळात तुमच्या वाट्याचं वाढीव काम आम्ही जादा तासांत करणार नाही. हे वाक्य ठेवायचं की नाही यावर हात वर करून मत घेतलं. पर्मनंट कामगारांतल्या बहुतेकांनी हात वर केले. ठेकेदाराकडचे जे आले होते त्यांच्यातल्या एकानेही केला नाही. ते खाली बघत बसले नव्हते, त्यांनी सरळ सांगितलं: आम्ही नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी गेटपास चालत नाही. त्या कारखान्यात लाइनवर उभ्या असलेल्या माणसांत निम्म्याहून जास्त तेच आहेत. म्हणजे त्यांच्याशिवाय ते वाक्य पाळता येणार नाही, आणि त्यांना युनियनमध्ये घेतल्याशिवाय त्यांच्याकडून ते मागता येणार नाही. पत्र तूर्तास पाठवलेलं नाही. आधी ठेकेदाराकडच्या कामगारांच्या सभासदत्वाचा अर्ज छापायचा, त्यांची वर्गणी किती ठेवायची हे त्यांनाच ठरवू द्यायचं, आणि त्यानंतर ते वाक्य त्यांच्यासमोर पुन्हा मताला टाकायचं असं ठरलं आहे.